‘ट्रीट्स’मधला फाटलेला आवाज

आवाज फाटणं म्हणजे काय, हे सोलापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. मिरवणुकीत डीजेवाल्याच्या ॲम्प्लिफायरवरची, आवाज मर्यादेबाहेर गेल्याचं सांगणारी लाल क्लिप लाईट विझेनाशी झाली की गाण्यातले शब्द चिरडायला लागतात, आणि त्यात एखाद्या हॉर्नचा डायफ्रामही जातो. अशा कानांना स्ले बेल्स या अमेरिकी बँडचा ‘ट्रीट्स’ हा अल्बम ऐकवला तर पहिली शंका येते ती फाईल खराब असल्याची. फाईल धड असते. गिटार, ड्रम मशीन, कधी कधी गळासुद्धा मुद्दाम फाडलेला आहे, आणि 2010 पासून या अल्बमवर जे काही लिहिलं-बोललं गेलं त्यातला बराच भाग याच एका निर्णयाभोवती फिरतो.

ब्रुकलिनची ही जोडी. गिटार आणि ध्वनीची बांधणी डेरेक मिलरची, गायन ॲलेक्सिस क्राऊसचं. तो ‘पॉयझन द वेल’ या हार्डकोर बँडमधून आलेला, ती किशोरवयात एका पॉप ग्रुपमध्ये गायलेली. अल्बममध्ये या दोन्ही गोष्टी सुट्या ऐकू येतात. 11 गाणी, 32 मिनिटं, आणि प्रकाशनात गायिका एम.आय.ए.च्या लेबलचा वाटा. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने 10 पैकी 8.7 गुण दिले आणि ‘बेस्ट न्यू म्युझिक’मध्ये घेतलं. बहुतेक समीक्षक खूश होते. कुरकुर होती ती दोन बाजूंनी. अल्बमच्या आधी 2009 मध्ये फिरलेले डेमो ज्यांनी ऐकले होते, त्यांना निम्मी गाणी ओळखीची वाटली. ‘रिल रिल’ तर ‘रिंग रिंग’ या नावाने आधीच ऐकलेलं होतं. दुसरी बाजू हाय-फायवाल्यांची, म्हणजे स्वच्छ आवाजाच्या शौकिनांची. त्यांच्या लेखी हे मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनाआधी आवाजाची पातळी ठरवण्याचा शेवटचा टप्पा, हा गुन्हाच.

ही दुसरी तक्रार गंभीरपणे घ्यायला हवी, कारण तिला ताजा संदर्भ होता. 2008 मध्ये मेटॅलिका या मेटल बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा चाहत्यांनीच आवाज फाटल्याची तक्रार केली आणि सह्यांची मोहीम काढली. ‘गिटार हीरो’ या गेममध्ये तीच गाणी कमी दाबलेली (म्हणजे हळू-मोठ्या आवाजातलं अंतर कमी न केलेली), मोकळी मिळत होती, म्हणून लोक गेममधला आवाज उतरवून ऐकायचे. मग दोनच वर्षांत तोच दोष ‘ट्रीट्स’मध्ये गुण कसा ठरला? माझ्या मते उत्तर गाण्यांच्या रचनेत आहे. मेटॅलिकाच्या गाण्यात वाद्यं भरपूर. दाबल्यावर ती एकमेकांवर चढतात. मिलरच्या गाण्यात एका वेळी तीन-चारच गोष्टी वाजतात: किक, टाळी, एक गिटार, वर गळा. गिटार फाटून सगळी जागा व्यापते तेव्हा तिथे झाकलं जाण्यासारखं फारसं काही उरलेलंच नसतं. क्राऊसची चाल सरळ, जवळजवळ बडबडगीतासारखी असल्यामुळे ती त्या भिंतीतूनही कळते. 1985 च्या ‘सायकोकँडी’त जीझस अँड मेरी चेन या बँडने गोड चालीवर फीडबॅक (ॲम्प्लिफायरसमोर गिटारची उठणारी शिट्टी) ओतला होता, मार्ग तोच, फक्त इथे ताल हिप-हॉपचा.

पटत नसेल तर आवाज एकदम कमी करून ऐका. वरवर दाबलेलं गाणं हळू लावलं की सपाट आणि मेलेलं वाटतं. ‘इन्फिनिटी गिटार्स’ हळू लावलं तरी शेवटच्या टप्प्यात जो भडका उडतो तो कळतोच, कारण आधीचा भाग मुद्दाम अरुंद आणि कोरडा ठेवलाय.

ऐकण्याची तयारी मात्र नीट करावी लागते. पहिल्यांदा ईक्यू (आवाजाचे जाड-बारीक भाग कमी-जास्त करणारी सेटिंग), बास बूस्ट, डॉल्बी सगळं बंद करा. मूळ आवाजच 0 डेसिबलला, म्हणजे डिजिटल फाईलच्या कमाल पातळीला टेकलेला आहे. त्यावर बास 6 डेसिबलने चढवला की तुमचा फोन स्वतःची वेगळी फाट घालतो, आणि ती मिलरची नसते. ईक्यू हवाच असेल तर जेवढं चढवाल तेवढंच ईक्यूमधल्या प्रीॲम्पने (एकूण पातळीच्या पट्टीने) उतरवा. एमपी3 किंवा ब्लूटूथमध्ये दाबलेल्या लाटांची टोकं मूळ पातळीच्या वर उसळतात, म्हणून प्लेअरचा डिजिटल आवाज 3 डेसिबल खाली ठेवून उरलेलं काम ॲम्प्लिफायरवर करा. पार्टी स्पीकर टाळाच. त्याच्या आतला लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारी यंत्रणा) प्रत्येक किकला गळा खाली ढकलतो आणि गाणं धापा टाकल्यासारखं वाटतं. वायरवाला साधा इअरफोन त्यापेक्षा कितीतरी बरा.

इतर अल्बमशी तुलना करताना स्ट्रीमिंग ॲपमधलं नॉर्मलायझेशन (सगळी गाणी सारख्याच मोठ्या आवाजात वाजवणारी सेटिंग) चालू ठेवा, नाहीतर नुसत्या मोठ्या आवाजाने ‘ट्रीट्स’ जिंकतो. विकत घेतलेली फाईल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून क्लिपिंग (कमाल पातळीला टेकून कापला गेलेला आवाज) दाखवण्याचा पर्याय चालू केला तर लाल रेघा दिसतील. त्या कमी दिसल्या तरी निष्कर्ष काढू नका: आधी फाडून मग थोडा उतरवलेला आवाज कमाल पातळीला टेकत नाही, त्यामुळे लाल होत नाही. झूम करून लाटेचा माथा कापल्यासारखा सपाट आहे का, ते पाहा.

स्वच्छ आवाज यांना जमत नव्हता असं कुणी म्हणालं तर सातवं गाणं लावा. ‘रिल रिल’ फंकाडेलिक या फंक बँडच्या 1971 च्या गाण्यातल्या गिटारवर उभं आहे, आणि अल्बममधलं सगळ्यात मोकळं तेच. ज्यांना बाकीचा गोंगाट सोसत नाही त्यांनाही ते आवडतं. मला त्याची जागा महत्त्वाची वाटते: सहा गाण्यांनी थकलेल्या कानाला तिथे विसावा मिळतो, आणि म्हणूनच लगेच येणारं ‘क्राऊन ऑन द ग्राऊंड’ एवढं आदळतं. शफलवर (गाणी उलटसुलट क्रमाने लावल्यावर) हा परिणाम पूर्ण जातो.

मैफिलींबद्दलची टीका मला रास्त वाटते. सुरुवातीच्या काळात मंचावर मार्शलच्या ॲम्प्लिफायरची भिंत, एक गिटार, एक गायिका आणि ड्रम्स आधीच रेकॉर्ड केलेले. गाण्याची लय क्षणभरही हलू शकत नाही. नंतर त्यांनी दुसरा गिटारवादक घेतला, ते बरं केलं.

त्यांच्या 2012 च्या पुढच्या अल्बममध्ये, ‘रेन ऑफ टेरर’मध्ये, गिटारींचे थर वाढले आणि विषय काळवंडले, मिलरच्या वडिलांचा अपघाती मृत्यू आणि आईचं आजारपण त्यामागे होतं. चाहत्यांत तिथून फूट पडली. काहींना त्यात पहिल्यांदाच माणूस ऐकू आला, काहींना ‘ट्रीट्स’चा दणका हवा होता. मी पहिल्या गटात आहे, पण नव्या श्रोत्याला सुरुवात ‘ट्रीट्स’नेच करायला सांगेन: ओळीने, एका बैठकीत, इअरफोनचा आवाज अर्ध्याच्या वर न नेता.