नाशिकच्या वाइनरींचा फेरा: कुठली बाटली तिथून आणावी, कुठली गावातच घ्यावी

वाइनरीवर बाटली स्वस्त पडते असं सांगणारा माणूस एक तर तिथे गेलेला नसतो, नाहीतर त्याने बिल बघितलेलं नसतं. बाटलीवर महाराष्ट्राची एमआरपी छापलेली असते आणि इगतपुरी असो की दादर, पैसे साधारण तेवढेच जातात. उलट ओळखीचा दुकानदार पेटीमागे थोडंफार सोडतो, वाइनरीच्या काउंटरवर ते क्वचितच होतं. त्यामुळे पैसे वाचवायला म्हणून नाशिकला जाऊ नका. डिझेल आणि टोल धरला तर ती बाटली महागच पडते.

जायचं ते दोन गोष्टींसाठी. एक, शहरात सहसा न येणाऱ्या बाटल्या. दुसरं, नीट ठेवलेला माल. शहरातल्या वाइन शॉपचा धंदा व्हिस्की, रम आणि बिअरवर चालतो. वाइन वरच्या फळीवर, उभी, दिव्याला चिकटून, एसी रात्री बंद होणाऱ्या दुकानात महिनोनमहिने पडून राहते. वर्षभरात आवडलेल्या बाटल्या आणि फसलेल्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर ब्रँडपेक्षा तारखेचा फरक जास्त दिसतो. मागच्या लेबलवर बाटली भरल्याचा महिना बारीक अक्षरात असतो. सॉव्हिन्याँ ब्लाँ ही पांढरी आणि रोझे ही गुलाबी वाइन भरून वर्षाच्या आत असेल तरच घ्या, शनाँ ब्लाँ या दुसऱ्या पांढरीला दीड वर्ष चालेल. त्यापुढची पांढरी वाइन कितीही सवलतीत मिळाली तरी सोडा.

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते मार्च, म्हणून ताजी वाइन फेब्रुवारीत मिळेल असं सगळे धरून चालतात. ऑक्टोबरच्या छाटणीचा माल तेव्हा नुकताच उतरलेला असतो, टाकीत आंबत असतो. काउंटरवर मिळते ती गेल्या हंगामाची. नव्या हंगामाची पांढरी वाइन बाटलीत येईपर्यंत साधारण पावसाळा उजाडतो. खरेदीच करायची असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम: मालही त्या वर्षीचा आणि हवाही थंड. फेब्रुवारीत जायचं ते तोडणी आणि द्राक्षं चिरडणारा क्रशर चालताना बघायला. टबात उभं राहून द्राक्षं तुडवण्याचे पैसे द्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, वाइन यंत्रातून निघणाऱ्या रसाचीच होते. जानेवारीअखेरीस जाणाऱ्यांनी 26 आणि 30 तारीख टाळावी, दोन्ही ड्राय डे. वाइनसाठी किमान वय 21, आणि दारूचं परमिट जवळ असलेलं बरं.

मुंबईहून येताना आधी इगतपुरीची बाजू उरका. आमणे ते इगतपुरी हा समृद्धीचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, मात्र दुचाकीला तिथे प्रवेश नाही. महामार्ग सोडून सांजेगाव-कावनईकडे वळलं की रस्ता अरुंद होतो, आणि पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर खड्डे मोजत जावं लागतं. मॅप दाखवतो त्यापेक्षा अर्धा तास जास्त धरा. इथे मुकणे धरणाच्या बाजूला व्हॅलोने आहे, सांजेगावातच ग्रोव्हर झाम्पाचीही वाइनरी आहे. व्हॅलोनेची व्हँ द पासरियाज ही या फेऱ्यातली सगळ्यात मोलाची बाटली. द्राक्षं सुकवून साखर दाट झाल्यावर केलेली गोड वाइन आहे ती, शहरात शोधून मिळत नाही. पुरणपोळीबरोबर मात्र उघडू नका. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि पातळ लागते. खारे काजू किंवा जुनं चीज ठेवा. ग्रोव्हरची ला रिझर्व्ह चांगली आहे, पण ती शहरात सहज मिळते आणि रेड असल्याने दुकानातला थोडा हलगर्जीपणा सोसते. तिच्यासाठी डिकीतली जागा अडवू नका.

नंतर नाशिक शहरातून गंगापूर धरणाकडे. सुला आणि यॉर्क जवळजवळ आहेत, 2021 पासून यॉर्कही सुलाकडेच आहे. बॅकवॉटरवरचा सूर्यास्त छान असतो, फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत, पुढे चला. यॉर्कची आरोस घ्याच. शिराझ आणि कॅबर्ने सॉव्हिन्याँ या काळ्या द्राक्षांचं मिश्रण, मटणाच्या सुक्याला पुरून उरते. सुलाच्या बाटल्यांपैकी दिंडोरी रिझर्व्ह शिराझ शहरात घेतली तरी चालते. सोर्स मालिकेतली ग्रनाश रोझे मात्र तिथूनच आणि नव्या तारखेची घ्या. रोझे जुनी झाली की रंग कांद्याच्या सालीसारखा होतो आणि चव नुसती आंबट उरते.

आता टेस्टिंग. लूट कुठे होत असेल तर ती इथे. एक घोट म्हणजे साधारण 30 मिली. पाच वाइनचे मिळून 150 मिली, म्हणजे 750 मिलीच्या बाटलीचा पाचवा भाग. टेस्टिंगची फी आणि मधल्या दर्जाच्या बाटलीची किंमत शेजारी ठेवून बघा, हिशोब लगेच कळतो. त्यात फलकावर लिहिलेल्या पाचांपैकी दोन चांगल्या रेड 'आज संपल्यात' आणि त्यांच्या जागी गोड, स्वस्त काहीतरी ओतलं जातं. एका ठिकाणी नेमकं हेच झालं, फी तेवढीच. म्हणून पैसे देण्याआधी विचारायचं: कुठल्या वाइन, किती मिली, बाटली घेतली तर फी वळती होते का, आणि बाटली कधी उघडली आहे. शेवटचा प्रश्न सोडू नका. शनिवार-रविवारी धक्काबुक्की असते, दर चढे असतात, पण बाटली पटापट संपते म्हणून ओतलेली वाइन ताजी असते. मंगळवारी शांतता असते आणि ग्लासात रविवारी उघडलेली रेड येऊ शकते. वास ओल्या पुठ्ठ्याचा किंवा व्हिनेगरचा आला तर न लाजता नवी उघडायला सांगा. वीकडेच्या सकाळी गेलात तर हे सांगायला समोर माणूस तरी असतो.

गाडी चालवणाऱ्याने थुंकायचंच. त्यासाठी भांडं मागितलं की मिळतं. रक्तात 100 मिलीमागे 30 मिलिग्रॅम ही कायद्याची हद्द आहे आणि दोन वाइनरींचे घोट मिळून ती कधी ओलांडली हे कळतही नाही.

निफाडच्या बाजूला रेव्हेलो आहे. फोन केल्याशिवाय जाऊ नका. नेरो दाव्होला आणि ग्रिल्लो या सिसिलीच्या द्राक्षांच्या वाइन तिथे होतात, दोन्ही घेण्यासारख्या. दिंडोरीत होणारी शाँदों ब्रूत ही फेसाळ वाइन शहरातच घ्या. बाटलीत बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब असतो, गरम गाडीतून फिरवायची ती वस्तू नाही. फ्रातेल्लीची सेत्ते ही रेड नाशिकला विचारत फिरू नका, ती वाइनरी अकलूजची.

आता खरा कठीण पट्टा. वाइनरी ते घर या चार-पाच तासांत जेवढी वाइन खराब होते तेवढी दुकानात वर्षभरात होत नाही. मार्चनंतर दुपारी उभ्या गाडीचं आतलं तापमान 50 अंशांच्या वर सहज जातं, डिकीत तर एसीही पोचत नाही. वाइन तापून फुगते, बूच वर सरकतं, गार झाली की आत हवा ओढली जाते. बुचाची बाटली निदान चुगली करते: बूच काठाच्या वर आलेलं दिसतं, तोंडावरच्या वेष्टनाखाली, म्हणजे कॅप्सूलखाली, चिकट ओघळ लागतो, कॅप्सूल बोटांनी फिरत नाही. स्क्रू कॅपच्या बाटलीवर काहीच दिसत नाही. उघडल्यावर पांढऱ्याचा रंग गडद पिवळा आणि वास शिजवलेल्या फळाचा आला की समजायचं, आणि तेव्हा उपयोग नसतो.

म्हणून खरेदी शेवटी, संध्याकाळी चारनंतर. सकाळी इगतपुरीला घेतलेल्या बाटल्या बिल करून तिथेच ठेवा आणि परतताना उचला, नाहीतर हॉटेलच्या खोलीत उतरवा, दिवसभर गाडीत फिरवू नका. झाकणाचा थर्माकोलचा खोका घरूनच न्या. सहा बाटल्यांसाठी एक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री हॉटेलच्या डीप फ्रीझरमध्ये टाकायला द्या. वर्तमानपत्रात गुंडाळून त्या खोक्याच्या बाजूंना लावायच्या, वाइनला थेट टेकवायच्या नाहीत, नाहीतर लेबलं भिजून सुटतात. एवढ्यावर चार तास निघतात. खोका डिकीत नाही, चालकाच्या सीटमागे जमिनीवर. मागच्या सीटवर ठेवला तर मुंबईकडे जाताना संध्याकाळचं ऊन पुढच्या काचेतून थेट त्यावर येतं. एसीची हवा पायाकडे सोडा. रविवारी संध्याकाळी निघालात तर भिवंडीजवळच्या कोंडीत तास जातो हे धरून बर्फ घ्या, किंवा सोमवारी पहाटे निघा. बारा बाटल्या 15 किलोच्या आसपास भरतात, पुठ्ठ्याचा तळ भिजला की सुटतो, तळाला आडवी चिकटपट्टी मारून घ्या.

नाशिकहून सापुतारा जवळ म्हणून जोडून घेणारे बरेच असतात. बाटल्या गाडीत असतील तर जाऊ नका. सापुतारा गुजरातेत आहे, तिथे दारूबंदी आहे, आणि नाशिकचं बिल दाखवून सीमेवर काही उपयोग नाही. आधी सापुतारा, मग वाइनरी, एवढाच क्रम बदलायचा.

घरी आल्यावर लगेच उघडायची घाई नको, प्रवासाने हललेली वाइन आठवडाभर बोथट लागते. बुचाच्या बाटल्या आडव्या, स्क्रू कॅपच्या उभ्या चालतात, दोन्ही स्वयंपाकघराबाहेर. पांढरी 8 ते 10 अंशांवर, रेड 16 ते 18 वर. पुण्या-मुंबईत खोलीचं तापमानच 30 असतं, म्हणून रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये. तांबड्या रश्श्याबरोबर कॅबर्ने ठेवलीत तर तिखट आणि टॅनिन, म्हणजे रेडमधला तुरटपणा, मिळून जीभ जाळतात. तिथे गार शनाँ ब्लाँ हवी, आणि तीच आधी संपवा. आरोस वर्षभर थांबेल.