एका बाराच्या बारा भानगडी

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जीएसटीचे दर दिवाळीपर्यंत बदलणार असं जाहीर केलं. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन ५ आणि १८ राहणार, अशा बातम्याही त्याच दिवशी आल्या. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी एकच हिशेब केला: दोन महिने आहेत हातात.

कंपनी कोल्हापुरातली, छोटी. साबण, बिस्किटं, खोबरेल तेल, शीतपेयं असा माल दुकानांना पुरवणाऱ्या एजन्सींसाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. गिऱ्हाईक कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी आणि खाली निपाणीपर्यंत. कोड पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेतला, मूळ २०१७चा. १ जुलैला जीएसटी लागू होणार म्हणून घाईत उभा केलेला आणि पुढे ज्याला जशी अडचण आली तशी ज्याने त्याने भर घातलेला. मी त्यात बऱ्याच उशिरा आले.

दर बदलायचे म्हणून मी आधी सगळ्या फाइलींमध्ये '१२' शोधलं. शेकड्यांनी ओळी निघाल्या. काही ठिकाणी तो जीएसटीचा दर होता. काही ठिकाणी शीतपेयांवरचा सेस, कारण त्यांना २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के सेस असा दुहेरी कर होता. काही ठिकाणी वर्षाचे महिने, काही ठिकाणी डझन. एका ठिकाणी बिलावरच्या रकान्याची रुंदी. आणि छपाईच्या फाइलीत तर कळसच. आमच्या निम्म्या एजन्सी अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर बिलं काढतात. त्या प्रिंटरला क्रमांक १२चं अक्षर पाठवलं की कागद पुढच्या पानावर जातो. १५ पाठवलं की बारीक टाइप सुरू होतो, १८ पाठवलं की तो बंद होतो. म्हणजे १२ आणि १८, दोन्ही तिथे हजर, आणि दोघांचाही कराशी काडीचा संबंध नाही.

"फाइंड-रिप्लेस मारून टाक की," सर म्हणाले. सर म्हणजे आमचे मालक. मूळ कोड बराचसा त्यांच्याच हातचा.

मी त्यांना छपाईची फाइल उघडून दाखवली. "१२च्या जागी ५ गेला तर सर, कागद सरकणारच नाही. सगळी बिलं एकाखाली एक छापत जातील."

"मग तेवढी फाइल सोडून मार."

मग मी त्यांना दर कुठेकुठे लपलाय ते दाखवलं. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १२चे दोन तुकडे होतात, ६ केंद्राचा आणि ६ राज्याचा. तिथे थेट ६ लिहिलेला. एमआरपीतून कर मागे काढायचा असेल तर १२ भागिले ११२ करावं लागतं. तिथे कुणीतरी कॅल्क्युलेटरवर उत्तर काढून ०.१०७१ एवढंच लिहून ठेवलेलं. नुसतं १२ शोधणाऱ्याला हे दोन्ही सापडणार नाहीत. शिवाय तो ०.१०७१ मुळातच आखूड आहे. कर धरून एक लाखाचं बिल असेल तर कर १०,७१४ रुपये २९ पैसे व्हायला हवा, या आकड्याने तो १०,७१० येतो. चार रुपये कुणी विचारत नाही, म्हणून तो इतकी वर्षं टिकला.

कोड नीट लिहा, वाचता येईल असा लिहा, असं सगळेच सांगतात. मला त्याची एकच कसोटी पटते: उद्या एक गोष्ट बदलली, तर कोडमध्ये किती ठिकाणी हात घालावा लागेल? कोड देखणा असण्याशी माझं फार देणंघेणं नाही. देखणा पण दर चाळीस ठिकाणी विखुरलेला, असा कोडही मी पाहिला आहे.

सरांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते अगदीच चूक नव्हतं. "चालतंय की. चालणाऱ्या गोष्टीला कशाला हात लावतेस?" व्यापाऱ्याचं बिल अडलं तर गाडी अडते, गाडी अडली तर फोन आम्हाला येतो. तेव्हा आमचं असं ठरलं की आधी हात लावायचा नाहीच. आधी हा कोड आज नेमकं काय करतो, ते टिपून ठेवायचं.

त्यासाठी काही गिऱ्हाइकांच्या परवानगीने त्यांचे जुने बॅकअप घेतले, पार्ट्यांची नावं आणि जीएसटी नंबर बदलून टाकले, आणि त्यातली बिलं पुन्हा त्याच जुन्या कोडमधून काढली. प्रत्येक बिलाचा करपूर्व आकडा, कर, राउंड ऑफ, एकूण, सगळं एका फाइलीत जसंच्या तसं ठेवलं. पुढे कोडची एक ओळ हलवली की ही सगळी बिलं परत काढायची आणि जुन्या फाइलीशी ताडून पाहायची. एका पैशाचा फरक दिसला तर ती ओळ परत जागेवर. उत्तर बरोबर आहे का, हे ही टेस्ट सांगत नाही. कालच्यासारखंच आहे का, एवढंच सांगते. त्या टप्प्यावर मला तेवढंच हवं होतं. ०.१०७१ची चूकसुद्धा मी जपून ठेवली. आवराआवर करताना हिशेब बदलायचा नाही आणि हिशेब बदलताना आवराआवर करायची नाही. दोन्ही एकत्र केलं की फरक कशामुळे पडला, ते कुणालाच सांगता येत नाही.

बिलं निवडताना साधी बिलं फार घेतली नाहीत. दहावर एक फ्री, टक्क्याची स्कीम आणि वर रोख सवलत, फुटकी बाटली परत, एक्सपायरीचा माल परत, निपाणीची पार्टी, असली तिरपागडी बिलं शोधून शोधून घेतली. भानगडी तिथेच असतात.

मग नावं. बिल जतन करणारं फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, दोन हजारांच्या आसपास ओळींचं होतं आणि त्यात अमाउंट, अमाउंट-१, अमाउंट-२, एन-अमाउंट आणि टेंप असे पाच जण नांदत होते. सरांना विचारलं, "अमाउंट-२ म्हणजे काय हो?"

"डिस्काउंट गेल्यावरची रक्कम." थोडं थांबून, "नाही, स्कीम गेल्यावरची. डिस्काउंट नंतर जातो."

कोड वाचून पाहिला तर मधल्या दीडशे ओळींत ती स्कीम गेल्यावरची होती आणि पुढे त्याच नावात डिस्काउंट गेल्यावरची रक्कम भरलेली. म्हणजे सरांची दोन्ही उत्तरं बरोबर. मी त्याचे दोन व्हेरिएबल, म्हणजे रक्कम ठेवायच्या दोन वेगळ्या जागा, केले आणि व्यापारी ज्या नावाने बोलतात तीच नावं दिली: स्कीमनंतरची रक्कम, करपात्र रक्कम. लांब वाटतात, पण सपोर्टवरच्या मुलीला फोनवर पार्टी जे म्हणते तेच कोडमध्ये दिसलं तर तिला माझ्याकडे यावं लागत नाही.

राज्याबाहेरची विक्री ओळखायची अट तर ठिकठिकाणी होती: पार्टीच्या जीएसटी नंबरातले पहिले दोन अंक २७ नसतील तर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा जीएसटी, लावा. २७ म्हणजे महाराष्ट्र, २९ म्हणजे कर्नाटक. काही ठिकाणी '२७ नसेल तर' होतं, काही ठिकाणी '२९ असेल तर', कारण तेव्हा परराज्यातलं गिऱ्हाईक म्हणजे निपाणी एवढंच डोक्यात होतं. गोव्याची पार्टी आली असती तर बिलावर एक कर आणि रजिस्टरला दुसरा. ही अट एका छोट्या फंक्शनमध्ये नेली, 'परराज्य आहे का' अशा अर्थाच्या नावाने. त्याच्या आतल्या ओळी जेमतेम तीन, पण सगळ्या दुरुस्तीत मला सगळ्यात जास्त समाधान त्यानेच दिलं.

मात्र उठसूट फंक्शनं पाडत सुटण्याच्या मी विरोधात आहे. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने राउंड ऑफच्या सहा ओळींची चार फंक्शनं केली होती. वाचताना चार ठिकाणी उड्या मारायच्या आणि परत यायचं. ती पुन्हा एकत्र केली. वरून खाली सरळ वाचता येणाऱ्या सहा ओळींना कसलाही रोग नसतो.

स्पेस, कंस, ओळींची मांडणी यांवर वेळ घालवला नाही. पीएचपीसाठी पीएसआर-१२ नावाचे संकेत आहेत (इथेही बाराच!), ते लावणारं पीएचपी-सीएस-फिक्सर हे टूल आहे, एकदा चालवलं आणि झालं. एक काळजी मात्र घ्यावी. हा बदल गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे स्वतंत्र नोंदीत, ठेवावा आणि त्या कमिटचा नंबर गिटला 'ब्लेम करताना, म्हणजे ओळ कुणाची ते शोधताना, हा सोडून दे' म्हणून सांगून ठेवावा. २०१९पासून गिटमध्ये ती सोय आहे. नाहीतर पुढे कुठल्याही ओळीवर ब्लेम चालवा, नाव दिसेल ते मांडणी करणाऱ्याचं. आणि आम्हाला ओळ कुणी, कधी, का लिहिली हे सारखं लागत होतं. जुन्या कमेंट्समधून तर काही उलगडत नव्हतं. एक कमेंट होती, 'हे काढू नका, सांगलीचं बिघडतं'. सांगलीतलं काय, ते शेवटी ब्लेममधून कमिटची तारीख काढून, त्या महिन्याच्या तक्रारी चाळून सापडलं: एका एजन्सीच्या मालाच्या नावांत स्वल्पविराम होते आणि त्यामुळे एक्सेलला जाणारे रकाने सरकत होते. आता त्या कमेंटमध्ये हे कारण लिहिलेलं आहे.

इतकं होईतो ३ सप्टेंबर उजाडला. जीएसटी परिषदेची ५६वी बैठक झाली आणि रात्री बातमी आली: दिवाळी नाही, २२ सप्टेंबर. घटस्थापनेचा दिवस. दोन महिन्यांचं गणित तिथेच संपलं.

त्या रात्री मात्र काम कुठे करायचं, ते माहीत होतं. दर आता कोडमध्ये नव्हते, एका टेबलमध्ये होते: एचएसएन (मालाच्या प्रकाराचा ठरलेला कोड नंबर), जीएसटी, सेस आणि 'या तारखेपासून लागू'. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. जुनी ओळ खोडायची नाही, खाली नवी घालायची. केसांचं तेल, साबण, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५. तूप, लोणी १२ वरून ५. शीतपेयांचा २८ अधिक १२ सेस जाऊन सरळ ४०. गिऱ्हाइकाच्या खिशाला तेवढेच, पण बिलावर सेसचा रकाना रिकामा. सिगारेट, पान मसाला यांना २२ तारखेला हात लागणार नव्हता, त्यांच्या ओळी तशाच. १७ तारखेला अधिसूचना निघाल्यावर तिच्यावरून एकेक एचएसएन पुन्हा ताडून पाहिला.

दर विचारताना तारीख कुठली द्यायची, यावर सरांशी पुन्हा खल झाला. जुना कोड बिल पुन्हा छापताना कर नव्याने काढायचा. तसंच ठेवलं असतं तर ऑगस्टचं बिल ऑक्टोबरमध्ये छापलं की त्यावर नवा दर आला असता, आणि व्यापाऱ्याने तर जुन्या दराने रिटर्न भरलेलं. म्हणून छपाईला फक्त साठवलेले आकडे दिले. छापताना हिशेब करायचाच नाही. परत आलेल्या मालाचंही तसंच. ऑगस्टच्या बिलातले साबण ऑक्टोबरमध्ये परत आले तर क्रेडिट नोटवर मूळ बिलाचाच दर. मूळ बिल निवडल्याशिवाय क्रेडिट नोट होणारच नाही, असं बंधन घातलं. काही एजन्सीवाले त्यावर चिडले, कारण आधी नुसती रक्कम टाकून क्रेडिट नोट होत असे.

०.१०७१ही याच वेळी गेला. बावीसपासूनच्या बिलांना नेमका भागाकार, जुन्यांना त्यांचा साठवलेला आकडा.

एक गोष्ट मात्र टेस्टमध्ये दिसलीच नसती. वह्या, पेन्सिली, यूएचटी दूध, पाकीटबंद पनीर यांवरचा कर शून्य झाला. आमच्या गिऱ्हाइकांकडे तोवर शून्य दराचा माल जवळजवळ नव्हताच. कोडमध्ये एक निरुपद्रवी दिसणारी ओळ होती: दर मिळाला तर तो घ्या, नाहीतर १८ धरा. पीएचपीमध्ये प्रश्नचिन्ह आणि लगेच विसर्गासारखे दोन ठिपके अशा चिन्हाने ती लिहिलेली. पण त्या चिन्हाच्या लेखी शून्य म्हणजे 'नाही'. म्हणजे पेन्सिलीचा दर शून्य ठेवला की बिलावर १८ टक्के! दोन प्रश्नचिन्हांचं चिन्ह वापरलं तर फक्त खरोखर काही नसेल तेव्हाच पर्याय घेतला जातो, शून्य शून्यच राहतो. पण मी तेही केलं नाही. दर सापडला नाही तर बिल अडवायचं आणि कुठल्या एचएसएनचा दर नाही, ते पडद्यावर दाखवायचं, असं केलं. गुपचूप १८ लावण्यापेक्षा फोन आलेला परवडला.

फोन आलेच. बावीसला सकाळी दुकानं उघडल्यापासून आले, बहुतेक एचएसएन चुकीचा भरलेल्या मालाचे. इतकी वर्षं चुकीच्या एचएसएनवर दर हाताने टाकून बिलं निघत होती, ती त्या दिवशी अडली. सर फोन घेत होते आणि माझ्याकडे बघत होते. दुपारपर्यंत सपोर्टवरच्या मुलीने कुठल्या मालाला कुठला एचएसएन, याची यादी करून गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि फोन कमी झाले.

छपाईच्या फाइलीला मी शेवटपर्यंत हात लावला नाही. ती वाईट आहे, पण गेल्या कित्येक वर्षांत तिच्यात कुणाला काही बदलावं लागलेलं नाही, आणि तो प्रिंटर आहे तोवर लागणारही नाही. फक्त त्या १२, १५ आणि १८च्या वर एकेक ओळ लिहिली: पुढचं पान, बारीक टाइप, बारीक टाइप बंद. डझनवाला १२ मात्र अजून स्टॉकच्या कोडमध्ये जागोजाग आहे. काही कंपन्या आता दहाच्या पेटीत माल पाठवतात, त्यामुळे सरांनी स्वतःहूनच सांगितलं, "तेही टेबलात टाक." सध्या स्टॉकच्या जुन्या एंट्र्या टिपून ठेवायचं काम चालू आहे.