हिवाळ्यातलं बुडापेस्ट: दोघांसाठी चार दिवसांचा बेत

डिसेंबरात बुडापेस्टला उजाडतं साडेसातच्या सुमाराला आणि दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. उन्हाळ्यातलं वेळापत्रक घेऊन आलेली जोडपी दिवसभर कुडकुडतात आणि संध्याकाळी पाचला हॉटेलवर परततात. इथे बेत उजेडाप्रमाणे आखावा. दिवसा टेकडी आणि डॅन्यूब नदीचा काठ, अंधार पडला की गरम झऱ्यांची स्नानगृहं. हिवाळ्यात या शहरात यायचं मुख्य कारण ती स्नानगृहंच.

मुंबईहून बहुतेक जण दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे येतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. विमानतळावरून 100ई बस थेट देआक फेरेंत्स तेर या मुख्य चौकात येते, पण तिचं तिकीट वेगळं असतं. नेहमीचा पास चालत नाही. पास वापरायचा असेल तर 200ई बसने मेट्रो एम3 च्या टोकाला जावं आणि तिथून मेट्रो धरावी. 72 तासांचा पास घेणं सोयीचं. सुटं तिकीट घेतलं तर मेट्रोच्या सरकत्या जिन्याआधीच्या यंत्रात ते पंच करावंच लागतं. तपासनीस तिथेच उभे असतात आणि खिशातलं कोरं तिकीट दाखवलं तरी दंड होतो.

पैसे बँकेच्या एटीएममधूनच काढा. यंत्र 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' असं विचारतं, तेव्हा नकार द्या. होकार दिलात तर फोरिंटचा, म्हणजे इथल्या चलनाचा, दर यंत्रवाला ठरवतो आणि तो नेहमीच महाग पडतो. दुकानात कार्ड वापरतानाही हेच लक्षात ठेवा.

सकाळी देआक तेरवरून 16 नंबरची बस पकडून नदीपलीकडच्या टेकडीवर, बुडाच्या किल्ल्यावर जा. ही बस पासवर चालते. 1870 पासूनच्या केबल रेल्वेला मात्र वेगळं तिकीट पडतं. वरचे दगडी रस्ते सकाळी निसरडे असतात, त्यामुळे सपाट तळाचे बूट चालणार नाहीत. तिथल्या मच्छीमार बुरुजावरून नदीपलीकडची संसद सकाळी उन्हाविरुद्ध दिसते आणि फोटो काळपट येतात. तिच्या नदीकडच्या दर्शनी भागावर ऊन येतं दुपारनंतर. म्हणून दोन-अडीचच्या सुमारास खाली बात्त्यानी तेरच्या काठावर उतरा. थोडं थांबलात तर दिवे लागतानाही तिथूनच पाहता येतं. संसदेच्या आतली फेरी आधी ऑनलाइन घ्यावी लागते, आयत्या वेळी इंग्रजी फेरी मिळेलच असं नाही. घुमटाखाली ठेवलेल्या राजमुकुटाचा फोटो काढायला मनाई आहे. संसदेपासून दक्षिणेला थोडं चाललं की काठावर लोखंडी बुटांचे 60 जोड दिसतात. 1944-45 मध्ये इथे गोळ्या घातलेल्या ज्यूंचं ते स्मारक. तिथे घाई करू नका.

धुकं मात्र बेत बिघडवू शकतं. कार्पेथियन पर्वतांनी वेढलेल्या या खोऱ्यात थंड हवा तळाशी साचते आणि धुकं कधीकधी कित्येक दिवस हलत नाही. अशा दिवशी किल्ल्यावर जाऊन काही दिसत नाही. सेल काल्मान तेरवरून 21 नंबरच्या बसने नोर्माफाच्या टेकडीवर जाऊन पाहा. बरेचदा तिथे धुक्याच्या वर ऊन असतं. नाहीतर 2 नंबरची ट्राम पकडा. यासाई मारी तेरवरून निघताना उजवीकडची खिडकी घ्या, म्हणजे सगळी नदी त्या बाजूला येते.

आता स्नानगृह. 1913 सालचं सेचेन्यी पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगलं, कारण तिथली मोठी कुंडं उघड्यावर आहेत. मेट्रो एम1 त्याच नावाच्या स्थानकावर उतरवते. दोघांनी एक केबिनचं आणि एक लॉकरचं तिकीट घ्यावं. केबिन दोघांना कपडे बदलायला पुरते आणि पैसे वाचतात. केबिनचं आणि लॉकरचं दार मनगटावरच्या पट्टीनेच उघडतं. सोबत रबरी चपला, दोन मोठे टॉवेल आणि ओले कपडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी हवी. पोहण्याचाच पोशाख लागतो, सुती टी-शर्ट नाही. मधल्या पोहण्याच्या तलावात टोपीशिवाय उतरू देत नाहीत. जोडवी, पैंजण हॉटेलवर ठेवा, खनिज पाण्यात चांदी काळवंडते. शून्याखालच्या हवेत दारापासून कुंडापर्यंतचं अंतर झपाझप कापावं लागतं, म्हणून टॉवेल कुंडाजवळच्या खुंटीवरच अडकवा. 38 अंशांच्या पाण्यात सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नये, चक्कर येते. अधूनमधून बाहेर येऊन पाणी प्या. पाच वाजता आत गेलात तर वाफ, दिवे आणि थंडी तिन्ही एकदम मिळतात. बाहेर पडण्याआधी केस पूर्ण कोरडे करा आणि लोकरी टोपी घाला.

रुदाश हे सोळाव्या शतकातलं तुर्की स्नानगृह घुमटाखालच्या अष्टकोनी कुंडासाठी पाहावं. तिथे आठवड्यात काही वेळा फक्त पुरुषांना, काही वेळा फक्त स्त्रियांना प्रवेश असतो, तेव्हा जोडप्यांनी शनिवार-रविवार गाठावा. गेलेर्ट हे प्रसिद्ध स्नानगृह ऑक्टोबर 2025 पासून दुरुस्तीसाठी बंद आहे; जुने व्हिडिओ पाहून तिकडे जाऊ नका.

शाकाहारी मंडळींनी 'हूश नेल्क्युल', म्हणजे मांसाशिवाय, हे शब्द पाठ करावेत. भाजीच्या घट्ट फ्योझेलेकवरही मांसाचा तुकडा ठेवून देतात, आणि बीन्सच्या सूपात बहुधा धुरी दिलेलं डुकराचं मांस असतं. मशरूमचं गोंबापर्कल्ट चांगला पर्याय, पण ते चरबीत परतलंय का ते विचारा. लसूण-साय-चीज घातलेला गरम लांगोश, म्हणजे तळलेली जाड पोळी, एक घेतला तरी दोघांना पुरतो. बिलावर 'सर्विझदी' लिहिलेलं असेल तर सेवाशुल्क त्यातच आलं, वेगळी टिप नको.

नाताळच्या जत्रा नोव्हेंबरच्या मध्यापासून भरतात आणि हॉटेलं तेव्हाच महागतात. जत्रा नको असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध उत्तम. 24 डिसेंबर मात्र सांभाळा. दुपारनंतर ट्राम-मेट्रो जवळजवळ थांबतात आणि बहुतेक खानावळी बंद होतात. त्या रात्रीचं जेवण आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, आणि हॉटेल चालत जाता येईल अशा ठिकाणी घ्या.