जुनी लेन्स, नवी बॉडी: आधी अडॅप्टर बघा

एम४२ चुडीच्या, म्हणजे आट्यांनी फिरवून बसणाऱ्या जुन्या लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं. सोनीच्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या ई-माउंटचं अंतर १८ मिमी, म्हणजे मधल्या साडेसत्तावीस मिमीत साधं, काचेविना अडॅप्टर (लेन्स आणि बॉडी जोडणारं कडं) बसतं. निकॉनच्या डीएसएलआरचं (आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं) अंतर ४६.५, एक मिमी जास्तच. तिथे लांबचं फोकस होत नाही. काचेचं अडॅप्टर मिळतं, पण ते तपशील मऊ करतं. त्यापेक्षा मिररलेस घ्यावा.

मेनूत ‘लेन्सविना शटर’ चालू करा, नाहीतर बटण दाबूनही फोटो निघणार नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरा. जुनी रशियन लेन्स हेलिओस ४४-२ असेल तर ५८ मिमी.

या हेलिओसला अ‍ॅपर्चरच्या (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या) दोन रिंगा असतात. एक ५.६ वर लावून ठेवायची, दुसरी मोकळी फिरते. पूर्ण उघडून २ वर फोकस करा, मग दुसरी रिंग अडेपर्यंत फिरवा. तालमीतल्या अंधूक उजेडात मात्र २ वरच राहावं लागतं, आणि तिथे पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधला भाग दाखवणाऱ्या, रंगीत कडांवर विसंबू नका. पैलवानाचा कान चमकतो, डोळा मऊ येतो. चित्र मोठं करून पापणीवर फोकस धरा.

अनंत, म्हणजे अगदी लांबचं फोकस, रिंगच्या टोकाआधीच आलं तर अडॅप्टर पातळ आहे, चालतं. आलंच नाही तर जाड आहे, परत करा. रात्री रंकाळ्याच्या काठावरून पलीकडचे दिवे धरले की लगेच कळतं.

आपल्याकडचा पावसाळा लेन्सचा खरा शत्रू. चामडी पाकीट ओल धरतं, काचेवर बुरशीचे धागे पसरतात. हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास. विकत घेताना मागून टॉर्च मारूनच बघा.