फादर नाही, सिस्टर नाही, तरी थिऑलॉजी

थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकतेय म्हटलं की फोनवर हमखास दोन प्रश्न येतात. ‘सिस्टर होणार का?’ आणि ‘शिकून नोकरी कुठे मिळणार?’ पहिल्याचं उत्तर सरळ ‘नाही’. दुसऱ्याचं जरा लांबलचक आहे.

इथे जर्मनीत, ट्युबिंगनला, थिऑलॉजी शिकायला सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, जावं लागत नाही. सरकारी विद्यापीठातच तो विषय आहे. विद्यापीठ 1477 सालचं. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन फॅकल्टी, पण इमारत एक आणि लायब्ररीही एकच. ग्रहांच्या कक्षा मांडणारा केप्लर इथे थिऑलॉजी शिकायलाच आला होता, पुढे हेगेलही. दोघांपैकी कोणीच पाद्री झाला नाही, हे घरी मी आवर्जून सांगते.

कॅथलिक प्रापंचिकांसाठी, म्हणजे फादर किंवा सिस्टर नसलेल्यांसाठी, मात्र ही दारं उशिराच सताड उघडली. अधिकाधिक प्रापंचिकांनी हे शिक्षण घ्यावं अशी इच्छा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने (1962-65), बोलून दाखवली आणि 1983 च्या चर्चच्या कायद्यात कलम 229 मध्ये तो हक्क म्हणून आला.

आता नोकरी. जर्मन राज्यघटनेप्रमाणे सरकारी शाळांत धर्म हा नेहमीच्या विषयांसारखाच एक विषय असतो, म्हणजे शिक्षक लागतात. काही जण पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, पगारी काम करतात. पण कॅथलिक धर्म शिकवायला नुसती पदवी पुरत नाही, चर्चची परवानगी लागते, आणि दिलेली परवानगी चर्च काढूनही घेऊ शकतं. इथल्याच कॅथलिक फॅकल्टीतले प्राध्यापक हान्स क्युंग स्वतः धर्मगुरू होते. पोप श्रद्धेच्या बाबतीत चुकू शकत नाही या शिकवणीवर त्यांनी प्रश्न उभे केले आणि डिसेंबर 1979 मध्ये त्यांची परवानगी गेली. विद्यापीठाने त्यांना घालवलं नाही, फक्त ते कॅथलिक फॅकल्टीच्या बाहेर गेले आणि 1996 ला निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. मला ही तडजोड फार जर्मन वाटते.

प्रत्यक्ष अभ्यासात भक्तीपेक्षा व्याकरण जास्त. लॅटिन, ग्रीक, हिब्रू. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं हे शाळेपासून ऐकलं होतं, पण त्यामागे किती रात्री गेल्या असतील हे हिब्रू क्रियापदांशी झटापट करतानाच कळतं. मत्तय, मार्क आणि लूक, म्हणजे येशूचं आयुष्य सांगणारी बायबलमधली तीन शुभवर्तमानं, शेजारीशेजारी रकान्यांत मांडून वाचायचे. कुठे शब्द न् शब्द तोच, कुठे मार्कचं वाक्य लूकने गाळलेलं, कुठे मत्तयने मऊ केलेलं. मार्कचं शुभवर्तमान आधी लिहिलं गेलं आणि बाकी दोघांच्या समोर ते होतं, हे बहुतेक अभ्यासकांचं मत अशा वाचनातूनच तयार झालेलं आहे.

व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, ‘ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा’. अभ्यासाच्या ग्रीक प्रतीत योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातली ही गोष्ट दुहेरी कंसात छापलेली असते, कारण चौथ्या शतकातल्या सिनाईटिकस आणि व्हॅटिकानस या हस्तलिखितांत ती मुळी नाहीच. ती मागाहून तिथे आली. मग ती खोटी का? तसं कोणी म्हणत नाही. येशूबद्दलची एक जुनी आठवण आधी तोंडोतोंडी फिरली असावी आणि नंतर तिला इथे जागा मिळाली असावी, असं बरेच जण मानतात. चर्चनेही ती पवित्र शास्त्राचा भाग म्हणूनच ठेवली आहे. हे ऐकून माझा विश्वास डळमळला नाही. उलट, इतकी अडचणीची गोष्ट कोणीतरी जपून ठेवली याचंच अप्रूप वाटलं.

पण हे मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, उभं राहून मी सांगू शकत नाही. तिथलं प्रवचन धर्मगुरूने किंवा डीकनने, म्हणजे त्याच्या खालच्या पायरीच्या दीक्षिताने, करायचं, असा चर्चचा कायदा आहे. लायब्ररीत माझ्या शेजारी बसणारी प्रॉटेस्टंट मैत्रीण मात्र पाद्री होणार आहे, तिच्या चर्चमध्ये बायकांना दीक्षा मिळते. ग्रंथ तेच, ग्रीक तेच. या सेमिस्टरला मी त्या दुहेरी कंसांवर निबंध लिहितेय आणि ती त्याच ओळींवर सरावाचं प्रवचन. परवा तिने कच्चा मसुदा मला वाचायला दिला. दोन ठिकाणी ग्रीक क्रियापदाचा काळ चुकला होता, ते दाखवलं. शेवट लांबलाय, हेही सांगितलं.