डबल ग्लेझिंगची दुरुस्ती : मागचं दार मार्गी लागलं, धुकट खिडकी बाकी

आमच्या मागच्या दाराला आणि खिडक्यांना डबल ग्लेझिंग आहे, म्हणजे मधे बंद पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचा. त्यातलं मागच्या दाराचं काम झालं. हँडल आता अलगद वर उचललं तरी सगळे हुक आणि रोलर आपापल्या खाचेत बसतात आणि किल्ली कुठे अडखळत नाही. या दाराचं लॉक गेलंय, असंच घरात सगळे म्हणत होते. लॉक जुनंच आहे. बदललं ते काचेखालचं पॅकिंग.

हँडल जड झालं की आधी दार उघडं ठेवून ते वर-खाली फिरवून बघा, हे मी मुद्दाम लिहितो, कारण या एका तपासणीवर पुढचं सगळं अवलंबून आहे. उघड्या दारात हँडल सहज फिरतं आणि दार लावल्यावर अडतं, तर लॉक ठणठणीत आहे, पल्ला आणि चौकट एकमेकांना जुळत नाहीत. उघड्या दारातही ते अडत असेल किंवा लुळं पडलं असेल, तरच गिअरबॉक्सकडे (हँडलची हालचाल हुकांपर्यंत नेणाऱ्या लॉकमधल्या पेटीकडे) वळायचं. न तपासता नवं मल्टीपॉइंट लॉक (एकाच हँडलने अनेक ठिकाणी अडकणारं) बसवलं, तर उतरलेल्या दारात रोज जोर लावून नवा गिअरबॉक्सही तुटतो.

आमच्या दाराची खूण खाली होती. लॉकच्या बाजूला पल्ल्याचा खालचा कोपरा उंबऱ्याला घासत होता आणि त्याच बाजूला वरची फट खालच्या फटीपेक्षा उघड रुंद दिसत होती. अशा वेळी हात आधी बिजागरीच्या स्क्रूकडे जातो. त्याआधी पल्ल्याचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे असतील तर अख्खा पल्ला खाली आलाय आणि बिजागरीने काम भागेल. एक कर्ण लांब नि दुसरा आखूड निघाला, तर पल्लाच काटकोनातून सुटलाय. मग बिजागरी कितीही फिरवली तरी एक कोपरा सुधारतो आणि दुसरा बिघडतो. आमचे कर्ण सारखे नव्हते.

यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) पल्ल्यात स्वतःचं वजन पेलण्याइतका ताठपणा नसतो. तो ताठपणा काच देते, पण ती योग्य जागी टेकवली असेल तरच. खालच्या बाजूला बिजागरीच्या कोपऱ्याजवळ एक पॅकर (काच आणि पल्ल्याच्या मधे घालायचा छोटा टेका) आणि त्याच्या तिरप्या समोर, वर लॉकच्या कोपऱ्याजवळ दुसरा. लॉककडचा कोपरा मग काचेवर भार टाकतो, काच तो भार तिरपा खाली नेते आणि बिजागरीच्या मुळाशी सोडते. शेताच्या फाटकाला जशी तिरपी पट्टी ठोकतात, तेच काम इथे काच करते. आमच्या दारात खालचा पॅकर जागेवरून सरकलेला होता आणि वरच्या कोपऱ्यात पॅकर मुळात घातलेलाच नव्हता.

काच बाहेर काढताना तिला धरून ठेवणाऱ्या बीडपट्ट्या लांब बाजूपासून सोडवायच्या, तेही मधोमध रुंद पात्याची पटाशी घालून. मधून पट्टी कमानीसारखी वाकते आणि टोकं आपोआप सुटतात. कोपऱ्यात पातं घातलं की नेमका तिथला तिरका काप तुटतो. प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलीने नंबर घाला, कारण दिसायला सारख्या असल्या तरी त्या एकमेकींच्या जागी नीट बसत नाहीत. आणि वजन हलक्यात घेऊ नका. 4 मिमी काच चौरस मीटरला 10 किलो भरते, म्हणजे दोन काचांचं युनिट 20 किलो. दाराच्या काचेला दोन माणसं, हातमोजे आणि सक्शन कप हवेतच.

पॅकरची जाडी महत्त्वाची, पण त्याची रुंदी त्याहून महत्त्वाची, आणि तिकडे फार थोड्यांचं लक्ष असतं. दोन्ही काचा त्यावर पूर्ण टेकल्या पाहिजेत. एकच काच टेकली तर दुसरी लोंबकळत राहते, स्पेसरवरून (दोन काचांमध्ये कडेने असलेल्या पोकळ पट्टीवरून) सूतभर खाली घसरते आणि युनिटचं सील फाटतं. दार सरळ करता करता काच धुकट होण्याची सोय अशी होते. मी लॉकची बाजू तरफेने उचलून, पॅकर सरकवून, कर्ण मोजत मोजत पुढे गेलो. पल्ला अगदी बरोबरीत न ठेवता किंचित वर ठेवला, कारण काच बसली की तो थोडा खाली येतो. मग आधी आखूड पट्ट्या, नंतर लांब पट्ट्या, गॅस्केटला (काचेकडेच्या रबरी पट्टीला) साबणाचं पाणी आणि रबरी हातोडीचे हलके ठोके. बिजागरीला हात लावला तो सगळ्यात शेवटी, उरलेल्या बारीक फरकासाठी.

एक सावधगिरी. यूपीव्हीसी एका मीटरला, दर अंश सेल्सिअसमागे साधारण 0.07 मिमी वाढतं. 2 मीटर उंचीचं दार 30 अंशांच्या फरकात 4 मिमीच्या आसपास वाढू शकतं, आणि गडद रंगाचा पल्ला उन्हात हवेपेक्षा बराच जास्त तापतो. भर उन्हात घासणारं दार संध्याकाळी आपसूक मोकळं होतं ते यामुळे. जुळवणी करायची तर दार थंड असताना आणि तापलेलं असताना, दोन्ही वेळा फटी बघून मग स्क्रू फिरवा.

आता धुकट खिडकी. बाष्प नेमकं कुठल्या पृष्ठभागावर आहे ते बोटाने पुसून ठरवायचं. आतून पुसलं गेलं तर तो खोलीतल्या दमटपणाचा प्रश्न आहे : 20 अंशांच्या खोलीत आर्द्रता 50 टक्के असली, तर सुमारे 9 अंशांच्या काचेवर दंव धरतं, मग काच नवी का असेना. पहाटे बाहेरून धुकं दिसलं तर काळजी नको, आतली उष्णता बाहेरच्या काचेपर्यंत पोहोचत नाही याचीच ती खूण. दोन्हीकडून पुसूनही डाग तसाच राहिला तर सील गेलं. आमच्या खिडकीत तेच झालंय.

सील जाणं ही एका रात्रीची गोष्ट नसते. दोन काचांमधली बंद हवा उन्हात फुगते, थंडीत आक्रसते, काचा बाहेर-आत वाकतात आणि कडेचा ब्यूटाइल रबराचा पातळ थर रोज ताणला जातो. स्पेसरच्या पोकळीत मॉलिक्युलर सिव्हचे मणी भरलेले असतात. त्यांची छिद्रं पाण्याचा रेणू आत घेतील पण नायट्रोजन किंवा आर्गॉन (काही युनिटांत हवेऐवजी भरलेला वायू) घेणार नाहीत इतकी लहान, 3 अँगस्ट्रॉमची. झिरपणारा ओलावा हे मणी मुकाट्याने शोषत राहतात. ते भरले की मग धुकं दिसायला लागतं. म्हणजे आपल्याला दिसतो तो आजार बराच जुना असतो.

काचेला भोक पाडून आतली वाफ सुकवण्याची एक पद्धत आहे. मी ती करणार नाही. सुकवल्याने सील जुळत नाही, गेलेला आर्गॉन परत येत नाही, आणि ओलावा बराच काळ राहिला असेल तर काचेवर आलेली पांढरी झाक तशीच राहते. चौकट धडधाकट असताना फक्त युनिट बदलणं हाच मला पटलेला मार्ग. मापं काढलेल्या युनिटच्या कडांवरून घेतली, जाडीसुद्धा. लो-ई लेप, म्हणजे उष्णता अडवणारा काचेवरचा पातळ थर, कुठे आहे ते ओळखायला काचेसमोर ज्योत धरली. दोन काचांचे चार पृष्ठभाग, म्हणून चार प्रतिबिंबं. त्यातलं तिसरं वेगळ्या रंगाचं दिसलं, म्हणजे लो-ई लेप तिथे आहे. कोपऱ्यात टफन ग्लासचा (तापवून मजबूत केलेल्या काचेचा) शिक्का आहे का तेही बघून घ्या. टफन काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप चुकलं तर ते युनिट गेलंच.

नवं युनिट यायच्या आत कारण शोधणं भाग होतं, आणि ते खालच्या खाचेत सापडलं. पाणी बाहेर जायची छिद्रं माती आणि मेलेल्या किड्यांनी गच्च भरली होती. चौकटीत पाऊस शिरणारच, ती तशीच घडवलेली असते. पाणी आत येतं आणि छिद्रांतून बाहेर जातं. छिद्रं बुजली की युनिटची खालची कड पाण्यात उभी राहते आणि सील सडत जातं. एका छिद्रावर तर कुणीतरी बाहेरून सिलिकॉन फासलं होतं, गळती थांबवायची म्हणून. हा प्रकार फार ठिकाणी दिसतो आणि मला त्याची मनापासून हळहळ वाटते, कारण तो कष्ट घेऊन चांगल्या हेतूने केलेला असतो. सगळं खरवडून काढलं, तारेने छिद्रं मोकळी केली, खाचेत पेलाभर पाणी ओतलं आणि ते बाहेर पडतंय हे पाहिल्यावरच पुढे गेलो. नव्या युनिटखाली खालून पाणी वाहू देणारे पुलासारखे पॅकर घालणार आहे. काचेच्या कडेजवळ सिलिकॉन लागलंच, तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातलं आम्ल युनिटच्या सीलला बाधतं. न्यूट्रल प्रकारचं घ्या.

बारीकसारीक कामंही उरकली. एका खिडकीचा फ्रिक्शन स्टे (पल्ला हव्या तिथे धरून ठेवणारी सरकती बिजागरी) सैल होता, पल्ला वाऱ्याने आपटायचा. घर्षणाचा स्क्रू थोडा आवळला आणि काम झालं. स्टे बदलायचा असेल तर लांबीइतकीच त्याची उंची मोजा. 13 आणि 17 मिमी असे दोन प्रकार सर्रास मिळतात आणि चुकीचा बसवला की पल्ला चौकटीत दबत नाही. तेलाचा थेंब सांध्यांना द्या, सरकणाऱ्या ठोकळ्याला नको, तिथे घर्षणच हवं असतं. गॅस्केटची एक बाजू बदलली. बसवताना रबर ओढायचं नाही, उलट किंचित जास्त लांब कापून मागे दाबत बसवायचं, नाहीतर ते आक्रसून कोपरा उघडा पडतो. गॅस्केटच्या ईपीडीएम रबराला खनिज तेल लावू नका, ते फुगतं. सिलिकॉन स्प्रे चालतो.

उरली ती वरच्या मजल्यावरची बंद अवस्थेत अडकलेली खिडकी. हँडल गोल गोल फिरतं आणि आतली पट्टी हलत नाही, म्हणजे गिअरबॉक्सचे दात गेलेत. शेजारच्या तशाच खिडकीवरून स्पिंडल (हँडलचा चौकोनी दांडा) 7 मिमी आणि बॅकसेट (लॉकच्या दर्शनी पट्टीपासून त्या दांड्याच्या मध्यापर्यंतचं अंतर) 22 मिमी असं माप घेऊन ठेवलंय. बीड आतून आहे हे नशीब. काच उतरवून, पल्ल्याच्या आतल्या बाजूने पट्टीपर्यंत पोहोचून ती हाताने सरकवता येते का ते आधी बघणार. नाही सरकली तर पट्टी कापावी लागेल, आणि तेव्हा चौकटीला ओरखडा न येता पातं कुठून घालायचं याची आखणी सध्या चालू आहे.