हिंदीत आहे की, मग तेलुगूत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऑफिसात डबा उघडला की, नणंदेकडे गेले की, परवा तर लिफ्टमध्येसुद्धा तोच प्रश्न: तेलुगूचं अक्षर येत नाही, तर ते मारामारीचे सिनेमे तेलुगूतच का बघतेस? हिंदीत असतात की!

असतात. ‘बाहुबली’त प्रभासला हिंदी आवाज शरद केळकरांचा, ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेंचा. आपल्याच माणसांनी इतकं चोख काम करून ठेवलंय आणि मी मेली मूळ भाषेचा हट्ट धरून बसते. पण ‘पुष्पा’तला गडी मुळात आंध्रातल्या चित्तूरकडचं बोलतो. ते ऐकून मागच्या रांगेतली पोरं जशी फिदीफिदी हसत होती, तसं हिंदी खेळाला कुणी हसलं नाही. मला चित्तूरचं काय कळतं, म्हणाल. काही नाही. हसणं कळतं.

पूर्वी मी याहून ऐटीत उत्तर द्यायचे. म्हणे ॲक्शनला भाषा लागत नाही! हीरोचा आधी बूट दिसतो, मग हात, मग चेहरा. मध्यंतराच्या तोंडावर जंगी हाणामारी, सुमो गाड्या हवेत. सयाजी शिंदे दिसले की साताऱ्याचं माणूस भेटल्याचा आनंद, आणि विनोदी नट ब्रह्मानंदम नुसतं तोंड वाकडं करून उभा राहिला तरी पैसे वसूल. 2012 च्या ‘ईगा’त तर हीरो माशी होऊन सूड घेतो, माशीला कसली आलीय भाषा? हे मी चारचौघांत ठासून सांगायचे. आता त्या बाईला गप्प बसवावंसं वाटतं. या सिनेमांत गुद्द्याआधी केवढं बोलतात! सगळा करार बोलण्यात होतो, गुद्दा म्हणजे नुसती खालची सही.

हे मला कळलं ते अम्मामुळे.

लोअर परळच्या चाळीत आमच्या भिंतीला भिंत लागून तेलुगू पद्मशाली बिऱ्हाड होतं. अण्णा गिरणीत. त्यांची मुलगी माझी मैत्रीण, तिची आई ती अम्मा. मी उंबऱ्यात पाय टाकला की घर मराठीत बोलायला लागायचं. चिंचेचा भात वाढतानाची कुरबुरसुद्धा मराठीत. मला त्यात कधी काही विशेष वाटलं नाही.

अण्णा गेल्यानंतर आम्ही तिघी एका तेलुगू सिनेमाला गेलो. सबटायटल नव्हती. मध्यंतरापर्यंत मी नेहमीसारखी शिट्ट्या मारत होते. मग हीरो रक्ताळलेल्या शर्टाने घरी येतो. अंगणात बाजेवर म्हातारा बाप. मुलाकडे न बघता तो बोलायला लागतो. मागे संगीत नाही, कॅमेरा हलत नाही, म्हातारा टॉवेलची घडी घालतोय, मोडतोय, पुन्हा घालतोय आणि बोलतोय. थिएटरात खुर्ची करकरली तर ऐकू यावी अशी शांतता. शेजारी अम्माने पदर तोंडात धरला होता. मी कानाशी लागून विचारलं, “काय म्हणाला गं?” तिने माझं मनगट घट्ट धरलं, वळूनही पाहिलं नाही. “थांब.”

मी थांबले. तो सीन संपला, पुढे दोन फाइट झाल्या, गावाला आग लागली, सिनेमा सुटला. टॅक्सीत पुन्हा विचारलं. मैत्रीण म्हणाली, “नेहमीचंच गं, बापलेकाचं.” आणि मग दोघी तेलुगूत बोलत राहिल्या. मध्येच हसल्या, मध्येच अम्माने नाक शिंकरलं. दादर आलं तरी कुणी मराठीवर आलं नाही. मला राग आला. हो, राग. इतक्या वर्षांची मी घरातली, आणि मला खिडकीकडची सीट देऊन मोकळ्या!

नंतर तोच सिनेमा टीव्हीवर हिंदीत लागला. मी कामं टाकून त्या बाजेसाठी बसले. बाप जमिनीबद्दल बोलतो, इज्जतीबद्दल बोलतो. एवढंच? 1982 च्या संपानंतर अण्णा गॅलरीत असेच टॉवेल मांडीवर घेऊन बसायचे, ते मला आठवलं. अम्मालाही तेच आठवलं असेल का? की तेलुगूत तो म्हातारा खरंच वेगळं काही बोलला होता? विचारायची छाती अजून झालेली नाही. डबवर विश्वास ठेवायला मन घेत नाही, आणि मूळ मला उघडत नाही. तरी मी मूळच बघते. तिथे निदान दार कुठे आहे ते दिसतं.

“इथे मराठी सिनेमाला खेळ मिळत नाहीत आणि तू त्यांना टाळ्या वाजव,” असं दीर म्हणतात. मराठीही मी तिकीट काढून बघते हो. त्यांनी शेवटचा कधी बघितला ते विचारा.

आता तुमचा पुढचा प्रश्न: मग तेलुगू शीक ना! मैत्रीणही तेच म्हणते, अक्षरं गिरवायला वहीसुद्धा आणून दिली तिने. वही कोरी आहे. आळस म्हणा. किंवा शिकले आणि तो म्हातारा खरंच जमीन-इज्जतीचंच बोलत असला तर काय, ही धास्ती म्हणा. मी अम्माला विचारलं, शिकू का? पान लावता लावता ती म्हणाली, “कशाला? एवढं छान चाललंय तुझं.”

हा टोमणा होता की कौतुक, ते मात्र मराठीत असूनही मला कळलेलं नाही.